मुंबई दाखव ना!

गावाकडून घरचे आले की 'मुंबई दर्शन'चा प्लॅन आपल्याच गळ्यात पडतो. मग गूगलवरची 'टॉप टेन' यादी काढायची, की आधी घरच्यांनाच विचारायचं? सात माणसं, दोन दिवस आणि एक साधासा फंडा...

दिवाळीची सुट्टी लागली किंवा पोरांच्या परीक्षा संपल्या, की मुंबईत एकट्यादुकट्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना एक फोन हमखास येतो. "दोन दिवस यायचं म्हणतोय गं आम्ही. मुंबई दाखव ना!" फोन ठेवल्यावर आधी मस्त वाटतं. मग रूमवर गाद्या किती, उशा किती, याचा हिशेब सुरू होतो. आणि मग प्रश्न पडतो. मुंबई दाखवायची म्हणजे नक्की काय दाखवायचं?

कारण खरं सांगा, तुमची-आमची मुंबई असते केवढी? रूम, स्टेशन, ऑफिस, पुन्हा स्टेशन, पुन्हा रूम. वीकेण्डला एखादा सिनेमा, एखादा मॉल, मित्रांबरोबर एखादी लेट नाइट कॉफी. गेटवेला तुम्ही शेवटचे कधी गेला होतात? आठवा बरं. बहुतेक मागच्या वेळी पाहुणे आले होते तेव्हाच!

पॉइंट टु पॉइंट

मुंबई दर्शनाची एक ठरलेली पद्धत आहे. बस किंवा गाडी ठरवायची आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ पॉइंट्स 'कव्हर' करायचे. गेटवे, म्युझियम, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन, महालक्ष्मी, हाजी अली, सिद्धिविनायक, जुहू. वाटेत कुठल्या हिरोचा बंगला कुठे आहे, हे गाइड बोट दाखवून सांगणार आणि आपण मान वळवेपर्यंत तो बंगला मागे पडलेला असणार! प्रत्येक पॉइंटला वीस मिनिटं. त्यातली दहा टॉयलेट शोधण्यात आणि पाच ग्रुप फोटोत. जुहूला पोहोचेपर्यंत मुलं पेंगुळलेली, मोठ्यांचे पाय सुजलेले. घरी गेल्यावर 'काय काय बघितलं?' या प्रश्नाला उत्तर एकच, 'बरंच काही बघितलं!'

यात वाईट काहीच नाही. दीडशे-दोनशे किलोमीटरवरून आलेल्या माणसाला गेटवे न दाखवता परत कसं पाठवणार? पण १९११ साली राजा पाचवा जॉर्ज इथे उतरला, तेव्हा त्याला गेटवेचं नुसतं पुठ्ठ्याचं मॉडेल बघायला मिळालं होतं. खरी कमान पूर्ण झाली १९२४ मध्ये. आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिशांची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. एवढी गोष्ट कळली तरी त्या दगडांकडे बघायची नजर बदलते. फक्त वीस मिनिटांत ती सांगणार कोण आणि ऐकणार कोण?

एकाला एक जागा

नोव्हेंबर २०२५ मध्ये माझ्याकडे कराडहून चौघं आले. आई, अण्णा म्हणजे माझे वडील, सत्तरीची आत्या आणि ताईचा नऊ वर्षांचा मुलगा. इथून मी, माझी नागपूरकर रूममेट आणि आमच्या ग्रुपमधला एक डोंबिवलीकर मित्र. एकूण सात डोकी आणि हातात फक्त शनिवार-रविवार. आत्याचे गुडघे जिना दिसला की संप पुकारतात. भाच्याला एका जागी उभं राहणं माहीत नाही. आणि आईचा सगळ्यावर एकच प्रश्न, "डबा घरून घ्यायचा ना?"

सगळ्यांना सगळं दाखवणं शक्यच नव्हतं. म्हणून एक फंडा काढला. आठवडाभर आधी फॅमिलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, 'प्रत्येकाने एकच जागा सांगायची. आणि तीच का, तेही सांगायचं.' माझ्या रूममेटला आणि मित्रालाही हाच नियम.

पहिलं उत्तर भाच्याचं. 'पेंग्विन. वर्गातल्या दोघांनी बघितलेत.' आईचं, 'सिद्धिविनायक. नवस आहे.' कसला ते विचारायचं नाही, ही अट पुढच्याच मेसेजमध्ये! आत्याने व्हॉइस मेसेज पाठवला, "मला म्हाताराचा नाही बाई, म्हातारीचा बूट बघायचाय. का ते तिथं आल्यावर सांगीन." रूममेट इंटिरियर डिझायनर. तिने मरीन ड्राइव्हच्या जुन्या बिल्डिंगी मागितल्या. डोंबिवलीकराचं म्हणणं, काका-काकूंना सीएसएमटीसमोर वडापाव खायला घातल्याशिवाय आणि लोकलमध्ये बसवल्याशिवाय मुंबई दाखवली असं म्हणूच नये.

अण्णांचं उत्तर सगळ्यात शेवटी आलं. 'माझं काही नाही. तुम्ही ठरवाल ते.'

वडील मंडळींचं हे ठरलेलंच असतं. नाही का?

बाप्पा, बूट आणि छज्जे

मी राहते मरोळला. त्यामुळे शनिवारची सकाळ सोपी होती. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली आहे. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, तिकीट १० ते ७० रुपये. मुंबईत पाहुणे फिरवणाऱ्यांसाठी ही मेट्रो म्हणजे लॉटरीच! मरोळ नाक्याला बसलो आणि थेट सिद्धिविनायक स्टेशनला उतरलो. ना दादरचा पूल, ना टॅक्सीवाल्याशी घासाघीस. आत्या तर लिफ्टवर बेहद्द खूश. "जमिनीखाली एवढं सगळं केलंय आणि वर पत्ताच नाही," असं तिने तीनदा म्हणून दाखवलं.

सिद्धिविनायकाचं मूळ देऊळ १८०१ सालचं, अगदी छोटं. त्यासाठी पैसे दिले देऊबाई पाटील नावाच्या बाईंनी. त्यांना मूलबाळ नव्हतं. निदान इथे येणाऱ्या बाकीच्या बायकांची इच्छा पुरी व्हावी म्हणून त्यांनी देऊळ बांधवलं, असं सांगतात. रांगेत उभं असताना हे आईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "स्वतःसाठी काही मागितलंच नाही बघ तिनं." नवसाचा उलगडा मला अजून झालेला नाही. पण आई त्या दिवशी गणपतीबरोबर देऊबाईंनाही नमस्कार करून आली.

तिथून मेट्रोनेच ग्रँट रोडला आलो आणि दोन टॅक्सी करून मलबार हिल गाठली. कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट महाराष्ट्रातल्या कित्येक घरांच्या अल्बममध्ये आहे. शाळेची सहल असो की लग्नानंतरचं फिरणं, बुटासमोरचा फोटो मस्ट! आत्याचाही होता. १९७५ सालचा, नवीन लग्न झालेलं, शेजारी काका. बुटासमोर आल्यावर तिने पर्समधून तो फोटो काढला आणि कारण सांगितलं.

"यात माझे डोळे मिटलेत बघ. ऊन होतं. दुसरा काढायला ह्यांच्याकडं पैसे नव्हते. पन्नास वर्षं झाली, प्रत्येक जण फोटो बघून म्हणतो, झोपलीस काय गं?"

काका जाऊन आता अकरा वर्षं झाली. आम्ही आत्याचे मोबाइलवर चौदा फोटो काढले. भाचा प्रत्येक वेळी ओरडत होता, "आजी, डोळे!" त्यातला एक तिने लगेच स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला. ज्यांच्याकडे मोजून एक फोटो काढायचे पैसे होते, त्या पिढीला आपण 'पटापट चला, पुढचा पॉइंट आहे' म्हणायचं म्हणजे जरा जास्तच होतं.

शेजारीच हँगिंग गार्डन आहे. १८८१ सालच्या या बागेच्या पोटात मुंबईला पाणी देणारा जलाशय आहे, हे किती जणांना माहीत असतं? मार्च २०२५ मध्ये इथे झाडांमधून जाणारा लाकडी वॉक-वेही सुरू झाला आहे. आत्या, आई आणि अण्णा बागेत बाकावर बसले. आम्ही बाकीचे वॉक-वेवर गेलो. सगळ्यांनी सगळीकडे जायलाच हवं, असा नियम कुणी केलाय?

दुपार रूममेटची होती. तिने आम्हाला ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं केलं. पूर्वेला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, राजाबाई टॉवर अशा टोकदार कमानींच्या एकोणिसाव्या शतकातल्या दगडी इमारती. पश्चिमेला १९३०-४० च्या दशकांतल्या गोलाईदार बाल्कन्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगी. म्हणजे एका मैदानाच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळी शतकं! याच दोन शैलींच्या इमारतींना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. १८७८ मध्ये पुरा झालेला राजाबाई टॉवर कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतला. नाव त्यांच्या आईचं. आईला दिसत नव्हतं आणि जैन धर्माप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचं असायचं, म्हणून तिला टोल्यांवरून वेळ कळावी, अशी गोष्ट सांगतात.

मरीन ड्राइव्हवर रूममेटने आईला खिडक्यांवरचे लांबलचक छज्जे दाखवले. ऊन-पाऊस अडवायला आणि दिसायलाही देखणे. आई लगेच म्हणाली, "हे तर आपल्याकडं पेठेत आहे की! जुन्या डॉक्टरांच्या घराला." रूममेट जाम खूश. मुंबईची फॅशन तेव्हाही गावोगावी पोहोचायचीच. चर्चगेटच्या के. रुस्तममधलं दोन वेफरमधलं आइस्क्रीम खाऊन आम्ही कट्ट्यावर बसलो. सूर्य समुद्रात बुडेपर्यंत कुणी उठायचं नाव काढलं नाही.

'ते कुठे गेलं?'

घरच्यांना मुंबई दाखवताना एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ते येताना स्वतःची मुंबई डोक्यात घेऊनच येतात. सिनेमातली, सहलीतली, कुणाच्या तरी पत्रातली. आणि त्यातलं बरंच काही आता नाही.

आत्याने मरीन ड्राइव्हवर मत्स्यालय विचारलं. १९५१ सालचं तारापोरवाला मत्स्यालय आता बंद आहे. आईला डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसायचं होतं. जुन्या डिझेल डबलडेकरची शेवटची फेरी झाली १५ सप्टेंबर २०२३ ला. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून एसी इलेक्ट्रिक डबलडेकर आल्या. पण खिडकीतून वारा खात जायची मजा गेली ती गेलीच. उघड्या टपाची 'नीलांबरी'ही ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. आणि पद्मिनी टॅक्सी? वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून हद्दपार झाली. म्हणजे एकाच वर्षात मुंबईने आपल्या अल्बममधली तीन पानं फाडली!

असे प्रश्न आले की 'आता नाहीये ते' म्हणून विषय संपवू नका. 'तुम्ही कधी बसला होतात?' असा उलटा प्रश्न टाका. पुढचा अर्धा तास आरामात निघतो. आमच्या आईच्या डबलडेकरची गोष्ट तर मरोळ येईपर्यंत पुरली.

त्या रात्री तिने आणखी एक फर्माईश केली. "तू काम कुठं करतेस, ते दाखव." फ्रीलान्सरचं ऑफिस म्हणजे घराजवळच्या कॅफेतलं कोपऱ्यातलं टेबल! तिथे नेलं. आईने टेबलावर हात फिरवला, प्लग कुठे आहे ते बघितलं, खिडकीतून उजेड येतो का ते विचारलं. मग मेनू कार्डावर कॉफीचा रेट बघून म्हणाली, "एवढ्यात आपल्याकडं चार जण जेवतील." पण निघताना काउंटरवरच्या मुलाला सांगून आली, "हिला उपाशी बसू देत जाऊ नका."

तुम्ही कधी आईवडिलांना ऑफिसचा गेट, रोजचा प्लॅटफॉर्म, चहाची टपरी दाखवली आहे? दाखवा. गेटवेपेक्षा तो फोटो जास्त फॉरवर्ड होतो.

सीएसएमटी ते भायखळा, व्हाया वडापाव

रविवार डोंबिवलीकराचा आणि भाच्याचा. मेट्रोने सकाळीच सीएसएमटी गाठलं. रोज लाखो लोक या इमारतीतून मान खाली घालून पळतात. आम्ही रस्त्यापलीकडे उभं राहून ती वरपासून खालपर्यंत बघितली. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि पुढे दहा वर्षं चाललं. २००४ मध्ये ती जागतिक वारसा झाली. समोरची महापालिकेची इमारत १८९३ ची, तीही स्टीव्हन्स यांचीच. आणि भारतातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला निघाली ती इथल्याच बोरीबंदरहून, ठाण्याला, ३४ किलोमीटर. डोंबिवलीकराने ही माहिती तोंडात वडापाव ठेवून दिली. मिरची जरा जास्तच तिखट निघाल्याने ठाण्याच्या पुढे तो गेला नाही.

रविवारी सकाळी लोकलला चक्क बसायला मिळतं. भाच्याला खिडकी, आत्याला पंख्याखालची सीट. मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेले अण्णा खिडकीबाहेर बघत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "भायखळा. मग चिंचपोकळी. मग करी रोड. करी रोडला उतरायचो आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण, अण्णा?"

"मी, गावातली सगळीच पोरं. गिरणीत होतो ना."

भायखळा आलं आणि उतरायच्या गडबडीत विषय तिथेच राहिला.

राणीबागेत भाचा पेंग्विनच्या काचेला नाक लावून उभा राहिला. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन मूळ दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे. २०१६ मध्ये ते इथे आले आणि २०१७ पासून लोकांना बघता येतात. शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती मला जास्त आवडतो. घारापुरीच्या बेटाला एलिफंटा हे नाव ज्याच्यावरून पडलं, तोच हा. इंग्लंडला न्यायला म्हणून इंग्रज त्याला उचलायला गेले आणि तो खाली पडून फुटला. मग तुकडे जोडून तो मुंबईतच उभा केला. आत मुंबईतले जुने लोक, त्यांचे व्यवसाय, त्यांच्या पगड्या यांचे मातीचे छोटे छोटे पुतळे आहेत. १८७२ सालचं हे संग्रहालय. मोठ्यांनी आणि छोट्यांनी एकत्र बघावं असं याच्यासारखं ठिकाण नाही.

अण्णा मात्र घड्याळ बघत होते. मी विचारलं, "करी रोडला जायचं का?"

"तुमच्या प्लॅनमध्ये बसत असेल तर."

"प्रत्येकाची एक जागा ठरली होती. तुमचीच राहिलीये."

करी रोडला उतरायचो आम्ही

माझे वडील १९८० साली मुंबईत आले होते, हे मला माहीत होतं. 'दोन वर्षं नोकरीला होतो', एवढंच घरात बोललं जायचं. पुढचं सगळं मला त्या दुपारी करी रोड स्टेशन ते लालबाग चालताना कळलं.

अण्णा तेव्हा एकोणीस वर्षांचे. गावच्या लोकांच्या गाळ्यात राहायचे. गाळा म्हणजे एकच खोली आणि त्यात वीस-पंचवीस जण. हे शक्य व्हायचं पाळ्यांमुळे. एक पाळी कामावर गेली की दुसरी झोपायची, तिसरी जेवायची. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि भिंतीवरची एक खुंटी. अण्णा बदली कामगार. म्हणजे रोज गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कुणी आला नाही तर त्याच्या जागी काम मिळायचं. नाही मिळालं तर परत गाळ्यावर. भोंग्यावर सगळ्या परळ-लालबागचं घड्याळ चालायचं. जेवण खानावळीत. खानावळ चालवणाऱ्या बाई गावाकडच्याच, महिन्याचा हिशेब वहीत लिहायच्या.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हा संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही, असं म्हणतात. अण्णांनी सहा-सात महिने वाट बघितली. मग ट्रंक उचलून कराडची गाडी पकडली. "परत येऊ असंच वाटत होतं," ते म्हणाले.

गिरणीच्या जागी आता काचेचा टॉवर आहे. जुनी चिमणी मात्र अजून उभी आहे. अण्णा गेटसमोर थांबले. सिक्युरिटीवाल्याने अदबीने विचारलं, "कुठे जायचंय, काका?"

"कामाला," अण्णा बोलून गेले. मग स्वतःच हसले. सिक्युरिटीवालाही हसला. चिमणीचा फोटो बाहेरून काढू दिला त्याने. अण्णांनी चष्मा पुसला आणि आत्याला म्हणाले, "आक्का, तुझी पहिली मनिऑर्डर इथून आली होती बघ."

आत्या म्हणाली, "पंचवीस रुपयांची. आठवतंय मला."

मग अण्णांना खानावळ शोधायची होती. कारण विचारल्यावर जरा ओशाळल्यासारखे झाले. "बाईंचे साठ रुपये राहिलेत माझ्याकडं. संपात त्यांनी तीन महिने जेवायला घातलं. निघताना सांगितलं होतं, काम सुरू झालं की देतो."

ज्या चाळीत खानावळ होती, तिच्या जागी नवी बिल्डिंग आहे. चिवडा गल्लीतल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला विचारलं. बाईंचं नाव ऐकून त्यांनी मान हलवली. त्या कधीच गेल्या, मुलं घर सोडून लांब उपनगरात गेली, कुठे ते माहीत नाही. डोंबिवलीकर हळूच म्हणाला, "आमचे आजोबाही गिरणीत होते, काका. संपानंतरच आम्ही डोंबिवलीला गेलो." मग दोघंही एकमेकांना गिरण्यांची नावं विचारत पुढे चालत राहिले. कॉलेजपासून ओळखते मी या मित्राला. आमच्यात हा विषय कधी निघालाच नव्हता.

साठ रुपये तसेच राहिले. अण्णांनी अर्धा किलो चिवडा घेतला आणि दुकानदाराला सांगितलं, "कुणी त्यांच्यातलं आलं तर माझा नंबर द्या." दुकानदाराने तो एका पुठ्ठ्यावर लिहून घेतला.

गाइड कोण?

मुंबई दाखवायची म्हणजे गाइड आपणच असतो, असं आपण धरून चालतो. रस्ते आपल्याला माहीत, अॅप आपल्या मोबाइलमध्ये, तिकिटं आपण काढणार. पण आत्याच्या बुटाची गोष्ट कुठल्या अॅपवर मिळणार? करी रोडच्या गाळ्याचं लोकेशन कुणी टाकलंय? आपल्या घरातल्या मोठ्या माणसांपैकी कितीतरी जण आपल्या आधी या शहरात येऊन गेले आहेत. कुणी नोकरीला, कुणी हॉस्पिटलात, कुणी इंटरव्ह्यूला, कुणी नुसतंच हनिमूनला. बसून विचारलं तर 'काही नाही, असंच' म्हणतात. त्या जागेवर उभं केलं की आपोआप बोलायला लागतात.

आणि त्या जागा भराभर पुसल्या जातायत. आज चिमणी आहे, पुढच्या दिवाळीत असेलच याची गॅरंटी कोण देणार? गुडघ्यांचंही तसंच आहे. आत्या तिकडून फोनवर म्हणाली, "बरं झालं आत्ताच आणलंस." यातला 'आत्ताच' हा शब्द महत्त्वाचा!

प्लॅन करताय? हे लक्षात ठेवा

* प्रत्येकाला एकच जागा विचारा आणि कारणही विचारा. 'तुम्ही ठरवाल ते' हे उत्तर धरू नका. त्या माणसासाठी एक दुपार मोकळी ठेवा.

* सुट्टीचे वार आधी बघा. राणीबाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं, घारापुरीच्या लेणी सोमवारी. सिद्धिविनायकाला मंगळवारी प्रचंड गर्दी असते.

* घारापुरीला गेटवेहून बोटीने साधारण तासभर लागतो आणि वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे दुखणारं कुणी असेल तर विचार करा. बोटीत लाईफ जॅकेट घालाच. डिसेंबर २०२४ मधल्या बोट दुर्घटनेनंतर तरी हे वेगळं सांगायला नको.

* रविवारी लोकलला गर्दी कमी असते, पण मेगा ब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशी तपासा. गाडी स्टेशनात काही सेकंदच थांबते. वयस्कर माणसांना आधीच्या स्टेशनलाच दरवाज्याजवळ आणून ठेवा.

* काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चारच जण. ग्रुप मोठा असेल तर लांबचा टप्पा मेट्रोने आणि शेवटचा टॅक्सीने. मेट्रो स्टेशनवर लिफ्ट असते, गुडघ्यांचा प्रश्न निम्मा सुटतो.

* मलबार हिलच्या वॉक-वेची वेळ ऑनलाइन बुक करावी लागते. भारतीयांना तिकीट २५ रुपये.

* दिवसाला तीन जागा पुष्कळ झाल्या. मधे तास-दोन तास नुसतं बसायला ठेवा. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्याला अजून तिकीट नाही!

* तुमची रोजची मुंबईही दाखवा. ऑफिस, प्लॅटफॉर्म, टपरी. त्यांना बहुतेक तीच बघायची असते.

* आणि निघायच्या आधी घरी एक फोन करून विचारा, "तुम्ही पहिल्यांदा मुंबईला कधी आला होतात?" तुमच्या मुंबई दर्शनचा पहिला पॉइंट कदाचित त्या उत्तरातच असेल.